बोट चारला, बूट अडीचला

टिळकवाडीत आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या परड्यामध्ये चार फुटांची एक भिंत आहे. ती घालताना गवंड्यानं विचारलं होतं, वर काचा लावू काय म्हणून. काकूंचे मालक म्हणाले, "काचा लावल्या तर ह्या दोघी कोपरं कुठं टेकणार?" म्हणून काचा राहिल्या. आता तीस वर्षांत आमच्या चार कोपरांनी त्या भिंतीचा माथा असा गुळगुळीत झालाय, की पावसाळ्यात मांजर घसरतं.

परवा सकाळी धुणं घेऊन परड्यात गेले, तर काकूंच्या दोरीवर एकच बूट. लहान, निळा, चिमट्याला लटकलेला. (लिहिताना मी ‘गेले’ लिहिते, भिंतीपाशी ‘गेलो’ म्हणते. बेळगावात बायका ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात, हे वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.)

"काकू, जोडीचा कुठाय?"

"समुद्रात."

"कुठल्या?"

"अरबी," काकू म्हणाल्या आणि बादली खाली ठेवली. काकूंनी बादली खाली ठेवली म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. मी पण माझी ठेवली.

"निपाणीची लेक आली न्हवं परवा रात्री, पोरं घेऊन. मुरगावला बोटीतनं उतरली आणि चोर्ला घाटानं थेट इकडंच."

"म्हणजे ती सिंगापूरला गेल्ती हे खोटं?"

"सिंगापूर कुणी सांगितलं तुला?"

"कोपऱ्यावरच्या वैनींनी."

"त्या वैनींना एक सांगावं तर दुसरंच पसरतंय! मी म्हटलो, क्रूजला गेलीय. झालं, नेली सिंगापूरला. अगं, मुंबईत बसायचं, गोव्याला उतरायचं. रात्रभर बोट. पण मजा बोटीची न्हाई. मजा बोटीआधीच्या दुपारची ऐक."

आता हे सगळं काकूंनी सांगितलं तसंच सांगते. मधे मधे आमचे हे बोलतील, कारण मागच्या पायरीवर पेपर धरून बसले होते. पेपर एकाच पानावर होता.

निपाणीला रेल्वे नाही. हमरस्ता दारातनं जातो, पण रूळ नाहीत. म्हणून आधी कोल्हापूर गाठायचं, चाळीसेक किलोमीटर, आणि तिथनं रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. ती सकाळी मुंबईला शिवाजी टर्मिनसवर आणून सोडते. बोटीवाल्यांनी दिलेली हजर व्हायची वेळ दुपारी चारची, बल्लार्ड पियरला. स्टेशनपासून बल्लार्ड पियर टॅक्सीनं हाकेच्या अंतरावर. म्हणजे सकाळी साडेसात ते दुपारी चार, सगळा दिवस मोकळा. पदरात दोन पोरं. थोरली साडेपाच वर्षांची, बारका अडीचचा. चार बॅगा, जावईबापू, लेक आणि लेकीच्या सासूबाई, म्हणजे काकूंच्या ईणबाई.

"जावईबापूंनी यादी केल्याली फोनवर बघून," काकू म्हणाल्या. "सात ठिकाणं. राणीच्या बागेतले पेंग्विन, म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, गिरगाव चौपाटी, म्युझियम, गेटवे. आणि सातवं, वेळ उरला तर घारापुरी."

"वेळ उरला तर घारापुरी!" पायरीवरनं आवाज आला. "गेटवेहून जायलाच बोटीत एक तास लागतो. वर शंभराहून जास्त पायऱ्या. परत यायला तास. घारापुरी ही काय वेळ उरल्यावर करायची गोष्ट आहे?"

"तेच ईणबाई म्हणाल्या," काकू म्हणाल्या. "पण जावई नवीन पद्धतीचे. त्यांच्या फोनात म्हणे दोन ठिकाणांमधलं अंतर मिनिटांत दिसतंय. पोराला शू लागली तर किती मिनिटं, ते दिसत न्हाई."

पहिला घोळ क्लोकरूमपाशी. सामान ठेवायला गेले, तर तिथं कुलपाशिवाय बॅग घेत नाहीत. रेल्वेचा तो नियमच आहे, आणि तिकीट दाखवावं लागतं. तीन बॅगांना कुलूप होतं. चौथी ईणबाईंची कापडी पिशवी, नाडीनं बांधलेली. नाडीला कुलूप कसं लावणार? ती पिशवी परत ईणबाईंच्या खांद्यावर आली. जावई म्हणाले, हे ओझं दिवसभर कशाला? ईणबाई काही बोलल्या नाहीत. पिशवीत दुधातल्या दशम्या होत्या, शेंगांची चटणी होती, एका डब्यात दहीभात, एक जुनी चादर आणि बारक्याचे तीन जोड कपडे.

"पुढं बघ," काकू म्हणाल्या, "त्या दिवशी त्या चार बॅगांतली कामाला आली ती एवढीच."

आणि मग राणीची बाग. थोरलीला रात्रभर गाडीत पेंग्विनच्या गोष्टी सांगून ठेवलेल्या. 2016 साली ते दक्षिण कोरियातनं विमानानं आणले, मूळचे ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, मुंबईत त्यांच्यासाठी गार खोली केलीय, हे सगळं पोरीला पाठ. टॅक्सी भायखळ्याला थांबली. पोरगी उडी मारून उतरली. दरवाजा बंद.

"का?"

"बुधवार!" काकूंनी कपाळावर हात मारला. "बुधवारी राणीची बाग बंद असत्ये. सात ठिकाणं शोधली बाबानं, वार न्हाई बघितला."

पोरीनं फुटपाथवर बसकण मारली. थोरली रडायला लागली म्हणून बारका रडायला लागला. त्याला पेंग्विन म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. जावयांनी फोन काढला आणि म्हणाले, हरकत नाही, आता मलबार हिल, म्हातारीचा बूट. तेव्हा ईणबाईंनी टॅक्सीच्या मागच्या सीटवरनं निकाल दिला. निकाल काकूंनी मला शब्दन् शब्द सांगितला, कारण लेकीनं त्यांना तसाच सांगितलेला:

"आता एकच जागा. सावली पाहिजे, संडास पाहिजे, टेकायला जागा पाहिजे, आणि बोटीपास्नं लांब नको. चार गोष्टी जिथं हाईत तिथं चला. न्हाईतर मी हितनंच कोल्हापूरची गाडी धरतो."

बघा, किती सोपी कसोटी. मी आजवर वाचलेल्या कुठल्याच सहलीच्या लेखात ही सापडली नव्हती. ‘मुलांसाठी प्रेक्षणीय स्थळे’ असतात, ‘मुलांना शू करायला जागा’ कुठं नसते. त्या बाईंनी आयुष्यात क्रूज बघितली नव्हती, पण सौंदत्तीला यल्लम्मा डोंगरावर पाच-पाच पोरं घेऊन जाऊन आल्यात. सौंदत्तीची जत्रा ज्यांनी पार पाडली, त्यांना मुंबई काय करणार?

चार गोष्टी एका ठिकाणी होत्या त्या म्युझियममध्ये. आपण जुनी माणसं प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतो, आताचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. टॅक्सीतनं उतरल्या उतरल्या ईणबाईंनी घुमटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हे विजापूरचं हाय."

जावई हसले. म्हणाले, आई, हे मुंबईचं आहे, इंग्रजांनी बांधलेलं.

"हसायचं कारण नव्हतं," आमचे हे पायरीवरनं म्हणाले. आता पेपर पूर्ण खाली आला होता. हे हायस्कूलात इतिहास शिकवायचे, आणि निवृत्त मास्तरला भिंतीपलीकडचा विषय मिळाला की पेन्शन वाढल्यासारखं वाटतं. "तो घुमट गोलघुमटावरनंच घेतलाय. वास्तुकार जॉर्ज विटेट. गेटवे पण त्यानंच बांधलं. म्युझियमची पायाभरणी 1905 साली झाली, पण लोकांसाठी उघडलं 1922 साली. मधे महायुद्ध आलं, तेव्हा त्या इमारतीत लष्करी दवाखाना होता. आणि मुलांचं एक कल्याण केंद्र पण होतं."

"बघ!" काकू मला म्हणाल्या. "म्हणजे ती जागा पयल्यापास्नंच पोरांची."

पोरांची जागा आता तिथं खरंच वेगळी आहे. 2019 साली आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय सुरू झालं, गोरखचिंचेच्या एका जुन्या झाडापाशी. गोरखचिंचेचा बुंधा म्हणजे चार माणसांनी हात धरले तरी पुरत नाही असा. बारक्यानं त्या झाडाला हात लावला आणि विचारलं, "हत्ती?" त्याला आत न्यायची गरजच पडली नाही. तो, त्याची आजी आणि ती चादर, तिघांनी सावली धरली.

थोरली आई-बाबांबरोबर आत गेली. जाताना दारावरच्या माणसाला म्हणाली, "मी आत जातो." त्यानं वाकून बघितलं. दोन वेण्या, फ्रॉक. "बाळा, जाते म्हण." पोरगी म्हणाली, "आमच्यात जातोच म्हणत्यात." लेक सांगत होती, तो माणूस सातारचा निघाला आणि हसून म्हणाला, मग जा बाबा.

आत तिला आवडलं काय? सगळ्यात जास्त भुसा भरलेले प्राणी आणि पक्षी, दुसऱ्या क्रमांकाला चिलखत. पेंग्विनचा राग तिथं निवला. जावयांना मूर्ती बघायच्या होत्या, चित्रं बघायची होती, एकेका पाटीपुढं उभं राहून वाचायचं होतं. पोरीनं त्यांना तासाभरात बाहेर ओढून आणलं. साडेपाच वर्षांच्या माणसाची म्युझियमची भूक एका तासाची असते. पुढं तो नुसता वाढलेलं चिवडतो.

बाहेर येऊन कट्टा शोधला आणि दशम्या सुटल्या. आता ह्या दशम्यांचं एक कारण होतं, आणि ते लेकीला आधीच माहीत होतं. क्रूजवर घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बॅगा तपासतात, विमानतळावर तपासतात तसंच. तान्ह्या बाळाचं काय ते सोडतात, बाकी डबे बाहेर. म्हणजे पिशवीतलं सगळं चारच्या आत संपायलाच हवं.

"ईणबाई म्हणाल्या, गोव्याच्या समुद्रात टाकण्यापेक्षा पोटात टाका," काकू म्हणाल्या. "जावईबापू सकाळपास्नं म्हणत होते, मुंबईत येऊन दशम्या कशाला, इराण्याकडं जाऊ. शेवटी चार दशम्या त्यांनीच खाल्ल्या. शेंगाचटणी बोटानं पुसून."

आणि मग बारका झोपला. चादरीवर, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून, एक वाजता. सव्वादोनपर्यंत हलला नाही. थोरली शेजारी लवंडली, तीपण झोपली. लेक म्हणाली, आई, त्या सव्वा तासात मी नुसती बसून होतो. मुंबईत, भर दुपारी, हातात फोन न्हाई, काय न्हाई. लग्न झाल्यापास्नं असं बसलो नव्हतो. जावई मात्र घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. त्यांचं म्हणणं, सव्वा तास वाया गेला.

"वाया गेला म्हणे!" काकूंचा आवाज चढला. "त्या झोपेचं मोल पुढं बोटीवर कळलं, ते सांगतो. आधी बुटाचं ऐक."

गेटवे तिथनं चालत दहा मिनिटं. पोरं ताजी झाली, तेव्हा जावई म्हणाले, एवढं तरी बघू. ईणबाईंनी मान हलवली. कबुतरं होती, फुगेवाले होते, चहावाला होता. कठड्याशी उभं राहून बारक्याला कडेवर धरून बाबा दाखवत होते, ती बघ बोट, ती बघ बोट. बारका आनंदानं पाय झाडत होता. तिसऱ्या झाडण्याला बूट निघाला आणि गेला.

"वाजले किती होते?" मी उगंच विचारलं.

"अडीच. लेकीनं घड्याळ बघितलं. का, तर जावयांच्या यादीत अडीचला ‘म्हातारीचा बूट’ असं लिहिल्यालं होतं!"

आम्ही दोघी भिंतीला धरून हसलो. पायरीवर पेपर हलत होता. म्हातारीचा बूट बघायला निघालेल्या घराण्यातल्या पोराचा बूट गेला, आणि तोही यादीतल्या वेळेला. पोरं त्या बुटाकडं बघत होती. तो बुडाला नाही. उलटा झाला, सुलटा झाला आणि लाटेवर बसून निघाला. थोरलीनं त्याला टाटा केला.

"गेटवे कधीचं माहीत आहे का?" ह्यांना आता थांबवणं शक्य नव्हतं. "4 डिसेंबर 1924 ला उघडलं. आणि त्याच महिन्याच्या शेवटी आपल्या ह्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. ते एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, आपल्याच. पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे."

"अहो, बुटाचं चाललंय," मी म्हटलं.

"मीपण पाण्याचंच सांगतोय," हे म्हणाले.

कुलाब्याच्या फुटपाथवर सँडल घेतले. घाईत घेतले, एक नंबर मोठे. त्या सँडलांचा पुढं गोव्यापर्यंत फटक फटक आवाज येत होता, म्हणजे बोटीवर बारका हरवायची भीती राहिली नाही. वाईटातलं चांगलं.

उरला एक तास. जावई सामान आणायला स्टेशनवर गेले, आणि पोरांना, बायकांना टॅक्सीनं टाऊन हॉलपाशी सोडलं, तिथनं उचलून घेतो म्हणाले. तिथं हॉर्निमन सर्कलची बाग आहे, पण पोरांनी बाग बघितलीच नाही. समोर टाऊन हॉलच्या पायऱ्या. एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आहे ती, 1833 साली बांधून झालेली. रुंद पांढऱ्या पायऱ्या आणि वर मोठे खांब. सिनेमात सारख्या दिसतात. थोरली खालनं वर मोजत गेली, कन्नडमधनं: ओंदु, एरडु, मूरु. आजी खालनं मराठीत मोजत होत्या. निपाणीच्या शाळेत जाणारं पोर, दोन्ही येतात. वर पोचल्यावर पोरगी ओरडली, "मूवत्तु!" खालनं आजी ओरडल्या, "तीस!" शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, दोघींपैकी बरोबर कोण? ईणबाई म्हणाल्या, "दोघीबी. आमच्यात हिशेब जुळतोय, भांडण कागदावरच हाय."

हे वाक्य काकूंनी दोनदा सांगितलं. मीही दोनदा ऐकून घेतलं. आमच्या भागात मराठी-कानडीच्या वादावर एवढ्या कमी शब्दांत कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

बारका पायऱ्या चढला आणि उतरला. पुन्हा चढला. चाळीस मिनिटं तेवढंच. तिकीट नाही, रांग नाही. मुंबईत मुलांसाठी केलेली शंभर ठिकाणं असतील, पण पोराला पायऱ्या दिल्या की पुरतं.

चारला हजर झाले. ओळखपत्रं दाखवायची, पोरांचीसुद्धा. बॅगा त्यांच्याकडं द्यायच्या, त्या खोलीवर येतात. पिशवी तपासणाऱ्या बाईनं ईणबाईंची कापडी पिशवी उघडली. आत चादर, ओले कपडे आणि एक निळा बूट.

"आता झोपेचं मोल," काकू म्हणाल्या. "बोट सुटायच्या आधी म्हणे सगळ्यांना एका ठिकाणी जमवत्यात. संकट आलं तर कुठं जायचं, नारिंगी जाकीट कसं बांधायचं. आणि भोंगा! सात वेळा आखूड आणि एकदा लांब. कानठळ्या."

"तो नियम जगभर आहे," पायरी म्हणाली. "2012 साली इटलीत एक मोठं क्रूज जहाज कलंडलं. नव्यानं चढलेल्या प्रवाशांची ती तालीम व्हायच्या आतच. तेव्हापासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी तालीम घ्यावीच लागते."

"तर त्या भोंग्याला बाजूची सगळी बारकी पोरं किंचाळूलालती. दिवसभर फिरवून आणल्याली, झोप न्हाई, पोटात वडापाव. आमचा बारका काय केला सांगू? टाळ्या वाजवला! म्हणाला, अजून. झोप झाल्याली न्हवं! लेक म्हणाली, आई, त्या टायमाला मी ह्यांच्याकडं बघितलो. ह्यांनी काय न्हाई म्हटलं. फोन खिशात ठेवला."

एवढ्यात वरच्या गॅलरीतनं आजी बोलल्या. ह्या आजी म्हणजे काकूंच्या सासूबाई. वय पंचाऐंशीच्या पुढं, माहेर वेंगुर्लं. कान गेलेत असं सगळे म्हणतात, पण गप्पांना ते परत येतात.

"अगो, चारची म्हणजे चारची?" आजींनी विचारलं. "आमची बोट येतली तेवा येतली!"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी वेंगुर्ल्याहून मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. मामा गिरगावात. बोट काठाला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राही. पडावातनं तिथपर्यंत जायचं, आणि पडावातनं शिडीवर उडी. बोट कधी उशिरा, कधी आधी. म्हणून सकाळीच वळकटी, फणसाची साठं, पोरं, कोंबडी घेऊन बंदरावर जाऊन बसायचं. दुपार अख्खी तिथंच. कुणी कंटाळायचं नाही, कारण वेळ घालवायची आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोरं शिंपले वेचायची, बायका पेज प्यायच्या, पुरुष मुंबईच्या गिरण्यांच्या गोष्टी करायचे. बोट लागू नये म्हणून प्रत्येकाच्या कनवटीला एक लिंबू. पावसाळ्याचे महिने बोटी बंद.

"आणि पोरं झोपायची?" मी विचारलं.

"वळकटीवर. दुसरा काय?" आजी म्हणाल्या.

आता ह्यांनी पेपर घडी करून बगलेत मारला आणि भिंतीपाशीच आले. सांगायला लागले, की बेळगावचा आणि वेंगुर्ल्याच्या बंदराचा संबंध आजींच्या लग्नाच्या किती आधीचा. 1880 च्या दशकात रेल्वे येईपर्यंत बेळगावच्या छावणीचं सामान, इकडचा कापूस, मुंबईहून येणारी माणसं, बरंच काही वेंगुर्ल्याच्या बंदरातनं आंबोलीच्या घाटानं बैलगाडीतनं यायचं-जायचं. म्हणजे बोटीची वाट बघत बसणं हे आपल्याला नवं नाही. पुढं ‘रोहिणी’, ‘कोकणसेवक’, ‘कोकणशक्ती’ ह्या बोटी होत्या, मग त्याही गेल्या. 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि बोटीची आठवणच राहिली. 2018 साली ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा सुरू झाली, 2021 पासून दुसरी आली, आणि आता 2025 साली मुंबईत क्रूजसाठी नवं मोठं टर्मिनल झालंय.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "आजींनी वळकटीवर झोपून केलं, तेच माझ्या लेकीनं पैसे भरून केलं."

"फरक आहे," मी म्हटलं. "आजींच्या बोटीत कोंबडी चालत होती, लेकीच्या बोटीत दशमी चालत न्हाई."

ह्याच्यावर आजीपण हसल्या, म्हणजे कान शाबूत आहेत.

आता माझ्या स्वार्थाचं. नाताळात आमची नातवंडं येणार आहेत पुण्याहून, चार आणि सहा वर्षांची. मोठ्या क्रूजचं आमच्याच्यानं होणार नाही. पण पणजीला मांडवीतली संध्याकाळची तासाभराची बोट असते, गाणी-नाच असलेली, ती त्यांना दाखवायची आहे. बेळगावातली निम्मी माणसं शाळेच्या सहलीत त्या बोटीवर नाचलेली असतात. चोर्ल्यानं सकाळी निघालं तर दुपारी पणजीत, आणि बोट सूर्यास्ताला. मधली दुपार तीच, रिकामी. मी काकूंना विचारलं, तिथं काय करू? ओल्ड गोवा? मिरामार? कॅसल रॉक आणि दूधसागर बघून जावं काय?

"यादी करूलालीस!" काकू ओरडल्या. "एवढं ऐकून यादी करूलालीस!"

मग लेकच बाहेर आली, केस पुसत. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही रायबंदरला जावा. पणजीहनं जवळच हाय. तिथनं चोडणला फेरीबोट जात्ये. चालत जाणाऱ्यांना तिकीट न्हाई, फुकट. पलीकडं सलीम अलींच्या नावाचं पक्ष्यांचं अभयारण्य हाय, खारफुटीचं. पण तिथं जायाच पायजे असं न्हाई. नुसतं फेरीत बसायचं, पलीकडं उतरायचं, परत यायचं. गाड्या चढताना, ती लोखंडी फळी खाली पडताना पोरं बघत बसत्यात. तिथंच कळतंय, पोर पाण्याला घाबरतंय की न्हाई. घाबरलं, तर संध्याकाळच्या बोटीची तिकिटं काढूच नका. पैसे वाचले. न्हाई घाबरलं, तर जेवून झोपवा."

"आणि यादी?"

"अम्मांचीच," म्हणजे तिच्या सासूबाईंची. "सावली, संडास, टेकायला जागा, बोटीपास्नं जवळ. पाचवं मी घातलोय. बूट दोन जोड घ्या."

थोरली मागनं आली. तिला मी विचारलं, बोट कशी होती? म्हणाली, मोठी. आणि पेंग्विन? ह्या प्रश्नावर तिनं तोंड वाकडं केलं, बाबांकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, बुधवार. मग दोरीवरच्या बुटाकडं बघून विचारलं, "आजी, तो दुसरा बूट आता कुठवर गेला असंल?"

कुणालाच उत्तर सुचेना. वरनं आजी म्हणाल्या, "वेंगुर्ल्याक पोचतलो."

पोरीला ते पटलं. काकूंनी बादली उचलली, मी माझी उचलली. माझं धुणं अर्धं आंबूसं झालं होतं, ते पुन्हा खळबळावं लागलं.

आता तुम्हीपण पोरं घेऊन बोटीला जाणार असाल, तर सगळ्या सहलीचे लेख वाचा, मी नको म्हणत नाही. पण बोटीआधीच्या दुपारी एकच जागा धरा, घरचं खाणं संपवा आणि पोरांना झोपू द्या. बाकीची ठिकाणं कुठं पळून जात नाहीत. आणि निघायच्या आधी वार बघा. राणीची बाग बुधवारी बंद असते.